लुईझियानातील ऊसमळे कसे पाहावेत: गुलामगिरी आणि क्रिओल वारसा

अमेरिकेत ह्यूस्टन किंवा डॅलसला राहणारी बरीच मराठी कुटुंबे सुट्टीत न्यू ऑर्लिन्सला जातात. तेथून मिसिसिपी नदीच्या काठाने तासभर गेले की जुने ऊसमळे लागतात. मात्र यांपैकी कोणता मळा आधी पाहायचा, हे ठरवूनच निघावे. ओकच्या झाडांच्या कमानीखाली छायाचित्रे काढून परतणाऱ्याला हवेली दिसते, पण ती कोणाच्या श्रमांवर उभी राहिली, हे मात्र कळत नाही.

पहिला मान व्हिटनीला द्यावा. हायडेल कुटुंबाने 1752 मध्ये वसवलेल्या या मळ्यात आधी नीळ आणि नंतर ऊस पिकवला जाई. 2014 मध्ये येथे उघडलेले संग्रहालय मालकांऐवजी गुलामांच्या बाजूने इतिहास मांडते. दगडी भिंतींवर कोरलेल्या नावांपुढे थांबावे आणि ती सावकाश वाचावीत. एका विभागात लुईझियानाच्या कागदपत्रांतून शोधलेली 1,07,000 गुलामांची नावे आहेत, तर दुसऱ्या भागात या एकाच परगण्यात दगावलेल्या 2,200 बालकांचे स्मारक आहे. वाटेत साखरेच्या मोठमोठ्या लोखंडी कढया दिसतील. आपल्या गुऱ्हाळातल्या काहिलीसारख्याच त्या दिसतात. फरक इतकाच की येथे उकळता रस एका कढईतून पुढच्या लहान कढईत पळ्यांनी हातांनी उपसला जाई आणि गळिताच्या हंगामात हे काम रात्रंदिवस चाले. मुलांना सोबत नेणार असाल, तर गुलामांच्या 1811 च्या उठावाचे स्मारक त्यांना दाखवायचे की नाही, हे आधीच ठरवावे. चार्ल्स डेलॉन्ड याच्या नेतृत्वाखालील हा उठाव मोडल्यानंतर बंडखोरांची मुंडकी नदीकाठी खांबांवर लटकवण्यात आली होती आणि स्मारकात ते दृश्य शिल्परूपाने उभे केले आहे.

त्यानंतर व्हॅशरी येथील लॉरा मळा पाहावा. क्रिओल म्हणजे मुळात वसाहतीत जन्मलेला, मग तो फ्रेंच वंशाचा असो, आफ्रिकी असो वा मिश्र. या समाजाची फ्रेंच भाषा, कॅथलिक धर्म आणि राहणी 1803 मध्ये फ्रान्सने लुईझियाना अमेरिकेला विकल्यानंतर आलेल्या इंग्रजीभाषक अमेरिकनांपेक्षा वेगळी होती. हा फरक घराच्या बांधणीतही दिसतो. 1805 च्या सुमारास बांधलेले लॉराचे घर जमिनीपासून उंच उचललेले आणि भडक रंगांचे असून त्याच्या दर्शनी भागाला लांब ओसरी आहे. खोल्या थेट एकमेकींत उघडतात, मधून बोळ जात नाही. पांढऱ्या खांबांच्या हवेल्या पाहून आलेल्याला हा भेद चटकन जाणवतो. लॉरा लोकूल या मालकिणीने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, तिने लहानपणी एका वृद्धाच्या चेहऱ्यावर डागलेली अक्षरे पाहिली; मळ्याच्या मालकीची ती खूण होती. मार्गदर्शकाने हा प्रसंग सांगितला नाही, तर आवर्जून विचारावा. येथील गुलामांच्या लाकडी झोपड्या 1840 च्या दशकातल्या असून त्यांत 1970 च्या दशकापर्यंत लोक राहत होते, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतरही शंभर वर्षे.

ओक अ‍ॅली हा मळा शेवटी ठेवला तरी चालेल. तेथे अ‍ॅन्टवान नावाच्या गुलाम माळ्याची माहिती अवश्य घ्यावी. त्याने 1840 च्या दशकात पेकन या अक्रोडासारखे फळ देणाऱ्या झाडांवर यशस्वी कलम बांधले आणि त्याच्याच कलमाची जात पुढे अमेरिकेत नावारूपाला आली. लग्नसमारंभांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या हवेल्या मला वगळाव्याशा वाटतात, पण हे ज्याने त्याने ठरवावे.

हाताशी आणखी एक दिवस असेल, तर उत्तरेकडे नॅकिटिशजवळील केन नदीच्या खोऱ्यात जावे. तेथील राष्ट्रीय उद्यानातील ओकलंड आणि मॅग्नोलिया हे दोन मळे पाहण्यास शुल्क लागत नाही. याच भागात मारी तेरेझ कोइनकोइन या स्त्रीची गोष्ट ऐकावी. 1742 मध्ये गुलामगिरीत जन्मलेली ही स्त्री पुढे मुक्त झाली, जमिनीची मालकीण झाली आणि तिने स्वतःही गुलाम बाळगले. तिचे वंशज आजही या परिसरात राहतात आणि स्वतःला क्रिओल म्हणवतात.

या मळ्यांवर जाण्यासाठी स्वतःची गाडी किंवा सहलीची बस लागते. उन्हाळ्यात दमट उष्मा फार असल्याने ऑक्टोबरनंतर जावे. त्या काळात आजूबाजूच्या शेतांत ऊसतोडही चालू असते. तिकिटे आधी काढावीत, कारण व्हिटनी आठवड्यातून एक दिवस बंद असते.