इंधनाचा हँड वॉर्मर: मोजून भरा, हवा मिळू द्या

डिसेंबर-जानेवारीत केदारकंठासारख्या ट्रेकला रात्रीचा पारा उणे 10 पर्यंत सहज उतरतो. एकदा वापरून टाकायची गरम पाकिटं अशा वेळी काही तासांत मंदावतात आणि मागे कचरा उरतो. इंधन भरून पुन्हा पुन्हा वापरायचा, हात शेकायचा धातूचा वॉर्मर मात्र एका भरण्यात दिवसभर पुरतो. जपानमध्ये निइची मातोबा यांनी 1923 मध्ये असा वॉर्मर बाजारात आणला, तो ‘हाक्किन कायरो’ या नावाने. हाक्किन म्हणजे प्लॅटिनम. रचना आजही जवळपास तीच आहे.

यात ज्योत नसते. खालच्या टाकीत कापूस भरलेला असतो आणि तो इंधन धरून ठेवतो. तोंडावर बसणाऱ्या बर्नरमध्ये प्लॅटिनमचा लेप दिलेली तंतूंची जाळी असते. इंधनाची वाफ जाळीपाशी येते, बाहेरची हवा तिला भेटते आणि प्लॅटिनममुळे ती ज्योतीविना जळत राहते. वर भोकांचं झाकण आणि त्यावर कापडी पिशवी. थोडक्यात, या वस्तूला वाफ आणि हवा दोन्ही लागतात. बहुतेक तक्रारींचं मूळ इंधन जास्त आणि हवा कमी, हेच असतं.

इंधन लायटर फ्लुइडच हवं, म्हणजे शुद्ध नॅफ्था (खनिज तेलापासून काढलेलं, चटकन उडणारं इंधन). पेट्रोलमधली मिश्रणं आणि गंधक बर्नर निकामी करतात, रॉकेलची वाफ नीट होत नाही, आणि स्पिरिट या बर्नरसाठी नसतं. गॅस लायटरमधला ब्यूटेनही इथे चालत नाही.

मोठ्या आकाराच्या वॉर्मरमध्ये साधारण 25 मिली इंधन मावतं आणि ते 24 तासांच्या आसपास पुरतं. सोबत येणारा छोटा मापपेला बहुधा 12.5 मिलीचा असतो, म्हणजे एक पेला 12 तास. फक्त अर्ध्या दिवसापुरता हवा असेल तर एकच पेला भरा. वॉर्मर थंड असताना, उघड्यावर, चूल-शेगडीपासून दूर बसा. बर्नर ओढून काढा, पेला टाकीच्या तोंडावर बसवा, खुणेपर्यंत इंधन ओता. हाक्किनचा पेला पाव फेरा फिरवला की इंधन खाली उतरतं. हळूहळू मुरू द्या. वर तरंगताना दिसलं तर जास्त झालं समजा आणि उलटं करून काढून टाका. बाहेर सांडलेला थेंबही पुसा, हात धुऊन वाळवा, मगच काडी हातात घ्या.

बर्नर बसवून दोन-तीन मिनिटं थांबा, वाफ वर यायला तेवढा वेळ द्यावा लागतो. मग लायटरची ज्योत जाळीच्या कडेला साधारण 10 सेकंद धरा. क्षणभर निळसर ज्योत उठली तर फुंकून विझवा. वॉर्मर पेटला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून थंड चष्म्याची काच बर्नरवर धरा. काचेवर दव आलं तर काम सुरू आहे. झाकण लावा, पिशवीत घाला. पूर्ण ऊब यायला 10-15 मिनिटं लागतात. ज्योत मिनिटभर धरून बसू नका, तंतू जळून काजळी धरते आणि बर्नरचं आयुष्य कमी होतं. जाळीला बोटही लावू नये.

खूप गारठ्यात थंड इंधनाची वाफ पुरेशी होत नाही, तेव्हा पेटवण्याआधी वॉर्मर जॅकेटच्या आत दहा मिनिटं ठेवा. उंचीवर हवा विरळ असल्याने ऊब थोडी कमीच मिळेल, हे गृहीत धरा.

तासाभरात विझला तर आधी खिसा बघा. घट्ट झिप असलेल्या, दोन थरांखालच्या खिशात हवा पोचत नाही. जॅकेटच्या आतल्या खिशात, छातीपाशी ठेवा आणि हात अधूनमधून तिथे घाला. धड गरम राहिलं की बोटांपर्यंतचं रक्त आपोआप चालू राहतं. इंधनाचा उग्र वास येत असेल तर टाकी जास्त भरलेली आहे, किंवा बर्नर थकला आहे. ओला झालेला बर्नर आधी वाळवावा लागतो, नाहीतर पेटतच नाही. नवा बर्नर बदलला की जुना वॉर्मर नव्यासारखा चालतो, म्हणून एक जादा जवळ ठेवा.

25 मिली इंधन जळताना जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. त्यामुळे पिशवी दमट होते, ती सकाळी उन्हात वाळवा.

सर्वात जपायचं ते भाजण्यापासून. नुसत्या 44-45 अंशांची ऊबही एकाच जागी तासनतास राहिली तर त्वचा भाजते, आणि झोपेत ते कळत नाही. झोपण्याआधी वॉर्मर बाहेर काढा. बंद तंबूतही नको, तो हवा खातो आणि अपूर्ण जळला तर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. बधिर झालेल्या बोटांवर थेट लावू नका, कारण तिथे चटका जाणवत नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांनी तर मुळीच नाही. बंद करायचा असेल तर जाड कापडाने धरून बर्नर टाकीपासून वेगळा करा, वाफ तुटली की तो शांत होतो. बर्नर गरम असतो, तो बाजूला दगडावर ठेवा.

मुंबई-पुण्याहून विमानाने डेहराडूनला जाताना इंधन ना हातातल्या बॅगेत चालतं, ना चेक-इनमध्ये. रेल्वेतही ज्वलनशील पदार्थ नेणं रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 164 खाली गुन्हा आहे. म्हणून इंधन सांक्रीकडे (केदारकंठा ट्रेक जिथून सुरू होतो ते गाव) निघण्याआधी डेहराडूनमध्येच घ्या, पुढे मिळेल या भरवशावर राहू नका. घरून निघण्याआधी टाकी पूर्ण संपवून, बर्नर काढून, दोन दिवस हवेवर ठेवा आणि रिकामा वॉर्मर चालतो का, हे विमान कंपनीला आधी विचारा. सव्वाशे मिलीच्या लायटर फ्लुइडच्या डब्यात पूर्ण भरण्या पाच होतात, अर्ध्या भरण्या दहा.