अनवाणी धावणाऱ्याने आठवड्यात रिकव्हरी रन कसा बसवावा

इंदूरच्या लोकमान्यनगरात पहाटे साडेपाचला मी बिनचपलेचा धावत निघालो की ओट्यावर बसलेले शेजारचे काका हमखास विचारतात, "काय रे, नवस बोललायस का?" सुरुवातीला मी थांबून समजावून सांगायचो. आता नुसतं "हो काका" म्हणतो. पण त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. नवसाने अनवाणी निघालेल्या माणसाला घाई नसते. पोहोचायचं असतं, तेही पाय शाबूत ठेवून. रिकव्हरी रन, म्हणजे कठीण दिवसानंतरचं हळू धावणं, नेमका याच चालीने करायचा असतो आणि आपल्यापैकी बहुतेकांना नेमकं हेच जमत नाही.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मला याची गरज आहे का? आठवड्यातून तीनच दिवस धावत असाल, तर नाही. मधले दिवस सुट्टीचे आहेतच, तेवढ्यात शरीर भरून निघतं. चार-पाच दिवस धावणाऱ्यांसाठी हा प्रकार आहे: कठीण दिवसानंतर वीस ते चाळीस मिनिटं, अगदी हळू. यामुळे पायातलं लॅक्टिक ॲसिड धुऊन निघतं, असं मैदानावर सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका. वाढलेलं लॅक्टेट धावणं थांबल्यावर तासाभरात आपसूक खाली येतं. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे. खरा फायदा साधा आहे. जास्त ताण न घेता आठवड्याचे किलोमीटर वाढतात आणि थकल्या पायांनी नीट धावायची सवय होते.

आता अनवाणी धावणाऱ्याची अडचण. बूट घालणारे बहुतेक जण टाचेवर उतरतात. आपण उतरतो चवड्यावर आणि टाच मागाहून हलकेच टेकते. गुडघ्यावरचा भार त्यामुळे कमी होतो, पण तो जातो पोटरीकडे आणि टाचेमागच्या जाड शिरेकडे (अकिलीस टेंडन). दमछाक काही आठवड्यांत कमी होते, तळव्याची कातडीही लवकर राठ होते. शीर आणि पायाची लहान हाडं मात्र महिनोन्‌महिने घेतात. म्हणून "दम लागत नाही, म्हणजे मी ताजातवाना" हा हिशेब आपल्याला लागू पडत नाही. रिकव्हरी रन करायचा की नाही, हे छातीला विचारू नका, पायाला विचारा.

ते विचारायचं अंथरुणातच. उठून पहिली चार पावलं टाका. टाचेखाली सुई टोचल्यासारखं झालं तर आज सुट्टी. मग भिंतीला बोट टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच सावकाश दहा वेळा उचला. पोटरी नुसती भरून आलेली असेल तर चालेल. सहाव्या-सातव्या वेळी पाय थरथरला किंवा एका बाजूची टाच दुसरीपेक्षा कमी उचलली गेली, तर धावू नका, चालून या. शेवटी अंगठ्याने पावलाच्या वरच्या बाजूची हाडं बोटांपासून घोट्याकडे दाबत जा. सगळीकडे सारखंच ठणकत असेल तर फारसं काळजीचं नाही. पण एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेवर, दाबलं की "आई गं" निघालं, तर धावणं तिथेच बंद करायचं.

ही शेवटची चाचणी मी पाय मोडून शिकलो. अनवाणी सुरू करून तिसरा महिना होता. डाव्या पावलावर असाच एक बिंदू दुखायला लागला. मी म्हटलं, हळू धावू, रिकव्हरीच तर आहे, आणि सलग तीन दिवस "हळू" धावलो. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून आणखी चार दिवस रेटलं. हाडाची अशी बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला नंतर कळलं. सहा आठवडे घरी बसलो. हाडाला विश्रांती हवी असेल तेव्हा हळू धावणं हीसुद्धा मेहनतच असते.

आता आठवडा मांडू. समजा तुम्ही पाच दिवसांत 35 किलोमीटर धावता आणि अनवाणी धावायला लागून वर्ष तरी झालंय. माझी मांडणी अशी: रविवारी 14 किलोमीटरचा लाँग रन, अनवाणी. सोमवारी पूर्ण सुट्टी. मंगळवारी 4 किलोमीटर रिकव्हरी, बूट घालून. बुधवारी वेगाचे 7, पातळ तळाच्या बुटांत. गुरुवारी पुन्हा रिकव्हरी, 5 किलोमीटर, अनवाणी. शुक्रवारी साधे 5, जमतील तेवढे अनवाणी. शनिवारी सुट्टी.

बूटवाले मित्र म्हणतील, रिकव्हरी सोमवारीच हवा. त्यांच्यापुरतं ते बरोबर असेल. पण स्नायूंचा ठणका 24 ते 72 तासांत शिगेला पोहोचतो आणि अनवाणी 14 किलोमीटरनंतर सोमवारी सकाळी माझ्या पोटऱ्या दगडासारख्या असतात. जिना मी कठड्याला धरून उतरतो. अशा पायांनी धावलं की चाल बिघडते आणि बिघडलेली चाल पुढे तीन दिवस सोबत राहते. गुरुवारचं गणित वेगळं आहे. बुधवारी वेगाचं काम बुटांत झालेलं असतं, तळवा ताजा असतो, दमलेली असते फक्त छाती आणि मांड्या. त्यामुळे अनवाणी रिकव्हरीला हा दिवस उत्तम. थोडक्यात काय, छातीचा कठीण दिवस आणि तळव्याचा कठीण दिवस एकमेकांना खेटून येऊ द्यायचे नाहीत.

बूट घातले म्हणून कमीपणा मानू नका. 1960 च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अबेबे बिकिला अनवाणी जिंकला, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. चार वर्षांनी टोकियोला तोच पुन्हा जिंकला, त्याहून कमी वेळात, आणि पायात बूट होते.

आता प्रत्यक्ष धावणं. वेग किती? फोनवर आईशी बोलता आलं पाहिजे आणि आपण धावतोय हे तिला कळता कामा नये. घड्याळ नाडी दाखवत असेल तर कमाल ठोक्यांच्या 60 ते 70 टक्के. पण अनवाणी हळू धावणं भरभर धावण्यापेक्षा अवघड आहे. वेग कमी केला की आपण नकळत पावलंही संथ करतो. मग पाय जमिनीवर जास्त वेळ रेंगाळतो, पुढे सरकतो, घासतो आणि चवड्याखाली फोड येतो. म्हणून वेग कमी करताना पाऊल आखूड करायचं, पावलांची लय तीच ठेवायची, मिनिटाला साधारण 170. मोजायची सोपी रीत: पंधरा सेकंदांत उजवा पाय एकवीस वेळा पडला पाहिजे. वेग इतका कमी की चालणाऱ्या आजोबांनी मागे टाकलं तरी चालेल. मला एकांनी टाकलंय, वर "शाबास" म्हणून गेले.

आणि कान उघडे ठेवा, हेडफोन घरी. पाऊल नीट पडत असेल तर जवळजवळ आवाज येत नाही. "थप्प" आला की टाच आपटतेय, "खर्र" आला की घासतेय. दुरुस्त करूनही दोन मिनिटांत आवाज परत आला, तर पाय दमलेत. कंबरेच्या पिशवीतल्या चपला काढा आणि चालत घरी या. ठरवलेले किलोमीटर पूर्ण करायचा हट्ट या दिवशी तरी नको.

जागेबद्दल आपलं इंदूर नशीबवान. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून शहर वर्षानुवर्षं पहिलं येत गेलं, रस्ते रात्रीच झाडून होतात, आणि याचा फायदा अनवाणी मंडळींइतका कुणाला झाला नसेल. रिकव्हरीला मी कॉलनीतला गुळगुळीत सिमेंटचा रस्ता पसंत करतो. गवत मऊ म्हणून मोह होतो, पण गवतात गोखरू दिसत नाही आणि मऊ जमिनीवर आपटलेली टाच लगेच कळतही नाही. नवीन डांबर, ज्याची खडी अजून वर आलेली आहे, ते या दिवशी टाळा. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) निघाल्यावर राजवाड्याकडचे रस्तेही.

ऋतूंचंही पाहायला हवं. मे महिन्यात सकाळी सातच्या आत घरी. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर दहा सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर पायही नको. पावसाळ्यात ओली कातडी लवकर सोलते, म्हणून अंतर निम्मं करा, आणि साचलेल्या पाण्यात किंवा माळव्याच्या चिकट काळ्या मातीत उतरू नका: काटा दिसत नाही आणि घाण ओल्या मातीतून अंकुशकृमी कातडीवाटे शरीरात शिरतात. जानेवारीच्या थंडीत तळवे बधिर होतात, काच लागली तरी कळत नाही, तेव्हा पहिली दहा मिनिटं बुटांत. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर अनवाणी धावण्याच्या भानगडीत पडूच नका. बाकीच्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. दर दहा वर्षांनी ते घ्यावं लागतं.

घरी आल्यावर पाय धुवा, पुसा आणि ओट्यावर बसून कापसाचा बोळा तळव्यावरून अलगद फिरवा. काचेचा कण डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचे तंतू त्यात अडकतात. अडकले तिथे मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा, कण चमकतो. उकळत्या पाण्यातून काढलेल्या चिमट्याने, ज्या दिशेने आत गेला त्याच दिशेने बाहेर ओढा. मग टाचेच्या भेगांना कोकमतेल. तंतू कुठेच अडकले नसतील तर पोह्यांवर जिरावन (इंदुरी मसाला) जरा जास्त घ्यायला हरकत नाही.