थंडीतला उन्हाळी आठवडा : हापूसच्या बागेत या चुका टाळा

कोकणात जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत एखादा आठवडा असा येतोच की पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. हवेतला दमटपणा नाहीसा होतो, ओठ फुटतात, वाळत घातलेले धोतर तासाभरात कडक होते, आणि कलमे नेमकी ऐन मोहोरात किंवा नुकत्या धरलेल्या कणीत, म्हणजे अगदी बारीक फळात, असतात. या आठवड्यात बागायतदार सर्वांत जास्त धावपळ करतात आणि त्या धावपळीनेच स्वतःचे सर्वांत जास्त नुकसान करून घेतात, असे माझे इतक्या वर्षांचे निरीक्षण आहे. त्याच त्या चुका दरवर्षी पाहून कंटाळा आला, म्हणून हे लिहीत आहे.

मुळात हा उष्मा कुठून येतो, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलेच नसते. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रभर आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, आणि ऊन चढले की समुद्रावरून खारा वारा येऊन दुपारचा पारा रोखून धरतो. त्या विशिष्ट आठवड्यात मात्र पूर्वेचा वारा जोर धरतो. देशावरची कोरडी हवा सह्याद्री उतरून खाली येते, आणि खाली येताना दाबामुळे दर हजार मीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते. तिच्या रेट्यापुढे खारा वारा दुपारी एक-दोनपर्यंत किनाऱ्यावरच अडून राहतो आणि तोवर पारा ३५-३६ अंशांच्या पुढे जातो. किनारी केंद्रावर कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, तर भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करतो. २०२५ च्या फेब्रुवारीत, शेवटच्या आठवड्यात, असा इशारा कोकणाला मिळाला होता आणि मुंबईत पारा ३८ अंशांवर गेला होता. त्यामुळे ‘थंडी संपली, आता सगळे वेळापत्रक पुढे ओढा’ असे ठरवणे ही पहिली चूक. वारा फिरला की थंडी पुन्हा येते. घाई केलेला माणूस मात्र तोवर दोन फवारण्या आणि दोन टँकर खर्चून बसलेला असतो.

दुसरी चूक भर दुपारच्या फवारणीची, आणि तिच्याबद्दल मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. चार वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतला एक तरुण मुंबईची नोकरी सोडून वडिलांची बाग पाहायला आला. मुलगा कष्टाळू, वाचनही बरे, पण प्रत्येक कामाचा निकाल त्याला त्याच संध्याकाळी हवा असे. मोहोरावर भुरी या बुरशीच्या रोगाची पांढरी पूड दिसल्याबरोबर त्याने पाण्यात मिसळणारे गंधक आणले आणि गडी उशिरा आले म्हणून सकाळी अकराला पंप सुरू केला. मी बांधावरून म्हटले, “अरे, आज पूर्वेचा वारा आहे, दुपारी पस्तीसच्या वर जाईल. उद्या पहाटे मार.” त्यावर तो म्हणाला, “काका, औषध तेच, पाणी तेच, मग सकाळ काय आणि दुपार काय?” तिसऱ्या दिवशी त्याने मला बोलावून नेले. ज्या कलमांवर गंधक बसले होते त्यांच्या मोहोराची टोके भाजल्यासारखी तपकिरी झाली होती, आणि तुरा बोटांत धरून हलवला की फुले मिरीच्या फोलासारखी खाली पडत होती.

गंधक ३२-३३ अंशांच्या पुढे कोवळ्या भागावर चटका देते, हे औषध विकणाऱ्याने त्याला सांगितले नव्हते आणि डब्यावरचा बारीक मजकूर त्याने वाचला नव्हता. गंधक नसते तरी दुपारची फवारणी वायाच गेली असती, कारण कोरड्या हवेत बारीक थेंब पानापर्यंत पोहोचण्याआधीच निम्मे सुकतात आणि उरलेले वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या बागेत जातात. माझी सवय अशी की या आठवड्यात पंप उजाडताच सुरू करायचा आणि नऊच्या आत बंद करायचा. टाकीत द्रावण उरले तरी बंद. गडी वेळेवर येत नसतील तर काम दुसऱ्या दिवशी होईल. मोहोर एका दिवसात भुरीने जात नाही, चुकीच्या दुपारी मात्र जातो.

पहाटेच्या फवारणीलाही एक मर्यादा आहे. आंब्याची फुले प्रामुख्याने सकाळी उमलतात आणि परागीकरणाचे बरेचसे काम माशा करतात, म्हणून पूर्ण उमललेल्या मोहोरावर मी कीटकनाशक शक्यतो घेतच नाही. आमच्याकडे काही जुने बागायतदार या दिवसांत बागेत मासळीची टोपली टांगून माशा बोलावतात, आणि नवे बागायतदार नाक मुरडत त्याच माशांवर औषध मारतात.

तिसरी चूक किडीची ओळख न करता औषध बदलत राहणे. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे वाढतात. उष्ण आणि कोरड्या आठवड्यात फुलकिडे वाढतात. तुरा पांढऱ्या कागदावर झटकावा. उड्या मारणारे, पाचरीसारखे किडे पडले तर तुडतुडे. सरपटणारे, डोळ्यांना ताण देणारे पिवळसर दोरे पडले तर फुलकिडे. या परीक्षेला एक मिनिट लागते, आणि तरीही दुकानात जाऊन ‘मोहोरावर मारायचे काहीतरी द्या’ म्हणणारे मी दरवर्षी पाहतो. कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातली औषधे पुन्हा पुन्हा वापरल्याने रस शोषणाऱ्या किडी उलट उसळतात, हे त्या ‘काहीतरी’त बसत नाही.

चौथी चूक पाण्याची. पाने दुपारी मलूल दिसली की टँकर मागवला जातो, आणि मोहोरात उभ्या असलेल्या कलमाला एका दिवशी हजार लिटर मिळते. नुसत्या मोहोरात असलेल्या झाडाला असे पाणी दिले तर ते पालवीकडे वळण्याचा धोका असतो, म्हणून आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे फळ वाटाण्याएवढे झाल्यावरच पाणी सुरू करावे : कलमामागे १५० ते २०० लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने, तीन ते चार वेळा. पाणी बुंध्यात ओतू नये. फांद्यांच्या विस्ताराखाली आळे करून संध्याकाळी द्यावे आणि वर गवताचे आच्छादन घालावे. गरम कातळावर दुपारी दोनला पाइप सोडून सावलीत झोपणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. कणी थोडी गळणारच. हापूस लागलेली सगळी फळे कधीच पोसत नाही, त्यामुळे झाडाखाली पडलेली प्रत्येक कणी पाहून पाण्याचा नळ उघडण्याचे कारण नाही.

आता पाचवी चूक, जिच्यासाठी मी माझ्याच घराण्याची गोष्ट सांगणार आहे. ती आगीची.

बारा वर्षे झाली असतील. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, तीन दिवस पूर्वेचा वारा, सगळा डोंगर पापडासारखा वाळलेला. आमच्या बागेच्या पश्चिमेला, उतारावर खाली, चुलतभावाचा मळा आहे, आणि तिथे त्याने तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेची भाजवळ करण्यासाठी, म्हणजे ती भाजण्यासाठी, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा (वाळका पाला) आणि शेण पसरून ठेवले होते. सकाळी साडेनऊला त्याने आग लावली. वारा बागेकडून मळ्याकडे, म्हणजे आगीला आमच्यापासून दूर नेणारा होता, आणि खालच्या बाजूला ओढा होता, त्यामुळे मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. उलट मी त्याच्याबरोबर बांधावर चहा घेतला. बाराच्या सुमारास वारा पडला. इतका वेळ पश्चिमेकडे आडवा जाणारा धूर सरळ उभा राहिला, माडाच्या खोडासारखा, आणि आम्ही ‘बरे झाले, वारा थांबला’ असे म्हणालो. आमच्या मूर्खपणाची हद्द तिथे झाली. कारण पंधरा-वीस मिनिटांत समुद्राकडून पहिली झुळूक आली, मग दुसरी, आणि धगधगणारा पातेरा उडून बांधाच्या वर, बागेतल्या न कापलेल्या गवतात पडला. आग चढावर किती वेगाने धावते, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून कळत नाही. दहा-बारा माणसे ओल्या डहाळ्या घेऊन झोडपत होती, बायका ओढ्यावरून कळशा आणत होत्या, तरी वरच्या रांगेतली चौदा कलमे होरपळली. त्यांतली पाच मेली, बाकीच्यांना पुन्हा नीट मोहोर धरायला चार वर्षे लागली. चुलतभाऊ आजही त्या बांधावरून जाताना मान खाली घालतो, पण गवत मी कापले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

त्या दिवसापासून माझे नियम ठरलेले आहेत. डिसेंबर संपायच्या आत बागेभोवती दहा-बारा फुटांची पट्टी कापून, पाचोळा ओढून, मातीपर्यंत साफ करायची. पूर्वेचा कोरडा वारा सुरू असेल त्या आठवड्यात बागेच्या आसपास कसलीच आग लावायची नाही आणि कोणाला लावू द्यायची नाही, मग तो भाऊ असो की भावकी. भाजवळ वारा पूर्ववत झाल्यावर, माणसे आणि पाणी जवळ ठेवून, आणि खारा वारा यायच्या आत विझेल एवढ्याच तुकड्यात. आणि पेटलेल्या आगीचा धूर सरळ उभा राहिला की वारा थांबला असे समजू नये. तो फिरण्याच्या बेतात असतो, आणि विझवायला तेवढाच वेळ हातात असतो. वर सांगितलेले गवताचे आच्छादन हेसुद्धा याच आठवड्यात सरपण असते, म्हणून ते ओलसर ठेवावे आणि पट्टीला भिडू देऊ नये.

बाकीच्या चुका थोडक्यात. फळांना कागदी पिशव्या घालायची घाई करू नये. फळ अंड्याएवढे होईपर्यंत थांबावे. आतल्या फांद्यांची छाटणी या दिवसांत काढू नये, कारण सावलीत वाढलेल्या फळाला अचानक पश्चिमेचे ऊन लागले की त्याच बाजूला डाग पडतो. दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळून वेळ वाचवणाऱ्यांनी आपल्या बागेत काय गळाले याचा हिशेब एकदा ठेवून पाहावा. गड्यांना बारा ते तीन झाडावर चढवू नये; हवा कोरडी असल्याने घाम दिसत नाही, पण अंगातले पाणी जातच असते. मोबाइलवर दिसणारा तापमानाचा आकडा आपल्या कातळावरचा नसतो; तो पाहून पंप सुरू करण्यापेक्षा बागेत सावलीला टांगलेला साधा तापमापक बरा.

वारा परतला हे कळायला मला कुठल्याही यंत्राची गरज पडत नाही. सकाळी पायाखालचे गवत पुन्हा ओले लागते, खारा वारा अकराच्या आत येतो आणि कपडे वाळायला दुपार होते. त्या सकाळी मी पांढरा कागद घेऊन पुन्हा बागेत फिरतो, कारण आता दव आले म्हणजे भुरी, आणि ढग आले तर तुडतुडे, हे दोन्ही पाहुणे आठवडाभर दाराबाहेर थांबलेले असतात.