इनटेक बदलायचाय? आधी पाण्याची नळी लावून बघा हवा नक्की कुठे अडतेय

स्पोर्ट्स कारचा इनटेक, म्हणजे इंजिनला हवा नेणारा फिल्टर-पाइपचा मार्ग, बदलायचा म्हटलं की बरेच जण पहिल्यांदा उघडा कोन फिल्टर आणि चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप घेतात, लावतात, आवाज मस्त येतो आणि आवाज वाढला म्हणजे पॉवरही वाढली असं वाटायला लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी मोजा, मग कापा. कंपनीचा इनटेक सगळा वाईट नसतो, हवा एखाद-दोन जागीच अडत असते, ती जागा सापडली की निम्मं काम झालं, आणि नाही सापडली तर कितीही भारी पाइप लावा, हवा तिथेच अडणार.

आधी इंजिनला हवा किती लागते ते काढा. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलेंडर भरतं, म्हणजे २ लिटरचं इंजिन ७००० आरपीएमला फिरतंय तर मिनिटाला ३५०० वेळा २ लिटर, म्हणजे ७००० लिटर, सेकंदाला साधारण ११७ लिटर. वजनात बघितलं तर सेकंदाला १४० ग्रॅम हवा. हा सगळा लोंढा ७० मिमी आतल्या व्यासाच्या पाइपमधून न्यायचा तर वेग सेकंदाला ३० मीटर होतो, तोच पाइप ६० मिमीचा असेल तर ४१ मीटर. आणि दाबाचं नुकसान वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे व्यास फक्त १० मिमीने कमी झाला तरी नुकसान जवळपास दुप्पट. तुमच्या इंजिनचे आकडे टाकून हा हिशेब आधी करा, पाइप केवढा पाहिजे ते त्यातूनच कळतं, उगाच सगळ्यात मोठा घ्यायची गरज नाही.

आता मोजायचं कसं, तर पारदर्शक नळी घ्या, ती यू आकारात एका पट्टीवर बांधा, निम्मी रंगीत पाण्याने भरा, एक टोक उघडं ठेवा आणि दुसरं इनटेकला जोडा, झाला मॅनोमीटर. इनटेकच्या पाइपला ३ मिमीचं छोटं भोक सरळ काटकोनात पाडायचं, आतली धार घासून सपाट करायची (धार राहिली तर रीडिंग चुकतं), त्यात छोटा निपल बसवायचा. भोकं पाडताना पार्ट गाडीवरून काढून पाडा, बुरादा आत जाता कामा नये, आणि मोजून झालं की सगळी भोकं पक्की बंद करा. जागा साधारण अशा: फिल्टरच्या आधी बॉक्समध्ये, फिल्टरच्या नंतर, मॅफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) पुढे, आणि थ्रॉटल बॉडीच्या (ॲक्सिलरेटर दाबला की हवेसाठी उघडणारी झडप) अगदी अलीकडे. फुल थ्रॉटलला वरच्या आरपीएमला पाण्याच्या दोन पातळ्यांत किती फरक पडतो ते बघायचं. हे डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून पॉवर मोजणारं मशीन) किंवा बंद ट्रॅकवरच करा, गाडी चालवणाऱ्याने नळीकडे बघायचं नाही, शेजारी कोणीतरी बसू दे किंवा मोबाइल लावून रेकॉर्ड करा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, नळी थ्रॉटलच्या पुढे म्हणजे मॅनिफोल्डला (सिलेंडरांना हवा वाटून देणारा भाग) चुकूनही जोडायची नाही. आयडलला तिथे एवढा व्हॅक्यूम असतो की तो काही मीटर उंच पाणी ओढू शकतो, सगळं पाणी थेट इंजिनमध्ये. थ्रॉटलच्या अलीकडे मोजतानाही यूचे दोन्ही हात मीटरभर लांब ठेवा आणि मध्ये एक रिकामी कडक बाटली जोडा, म्हणजे पाणी वर चढलंच तर बाटलीत पडेल.

आकडा वाचायला सोपा आहे, १० सेमी पाणी म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जवळपास १ टक्का. थ्रॉटलच्या अलीकडे ३० सेमी आले तर इंजिनला ३ टक्के पातळ हवा मिळतेय, आणि नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणजे टर्बो-सुपरचार्जर नसलेल्या इंजिनमध्ये फुल थ्रॉटलची पॉवरही साधारण तेवढीच जाते. म्हणजे एकूण ८ सेमीच येत असतील तर पाइप बदलून मिळण्यासारखं फारसं काही उरलेलंच नाही, तिथे पैसे घालू नका. ३० सेमी येत असतील आणि त्यातले २० फिल्टरच्या आधीच जात असतील तर फिल्टर बदलून काही होणार नाही, गुन्हेगार पुढचं तोंड आहे.

आणि बऱ्याच गाड्यांत तोंडच निघतं. ग्रिलमागे कुठेतरी अरुंद चपटा स्नॉर्कल असतो, आवाज कमी ठेवायला आणि पाणी आत येऊ नये म्हणून तसा केलेला. शिवाय बॉक्समध्ये सरळ कापलेला पाइप नुसता आत घुसवलेला असेल तर हवा त्या धारेवरून वळताना फाटते. ३० मीटर वेगाच्या हवेत जेवढी ताकद असते ती पाण्यात मोजली तर साडेपाच सेमी, आणि सरळ कापलेलं तोंड त्यातली बहुतेक तिथेच घालवतं, पण तोंडाला गोल ओठ दिला, ज्याला बेलमाउथ म्हणतात, तर नुकसान अगदी थोड्या टक्क्यांवर येतं. ओठाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या पाव भाग ठेवली तरी भरपूर. माझ्या मते सगळ्या कस्टम इनटेकमध्ये हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात खात्रीचा पार्ट आहे, तरी लोक याच्याकडे बघतही नाहीत. बेंड घेताना मॅन्ड्रेल बेंडच (आतून आधार देऊन वाकवलेला) घ्या म्हणजे वळणावर पाइप चपटा होत नाही, वळणाची त्रिज्या व्यासाच्या दीडपट तरी पाहिजे, आणि घड्यांचा लवचिक पाइप शक्यतो टाळा. लहान व्यासातून मोठ्यात जाताना हळूहळू जा, एकदम पायरी दिलीत की हवा तिथे गोल गोल फिरत बसते.

तापमानाचा विषय दाबापेक्षा मोठा आहे आणि उघडा कोन फिल्टर लावणारे नेमके इथेच हरतात. २० अंशाची हवा आणि ६० अंशाची हवा यांच्या घनतेत १२ टक्क्यांचा फरक आहे. पाइप बदलून दाबात २ टक्के कमावायचे आणि रेडिएटरच्या मागची गरम हवा ओढून १० टक्के घालवायचे, हा धंदा परवडत नाही. ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं उपकरण) लावून इनटेक टेम्परेचर बघा, गाडी वेगात असताना ते बाहेरच्या तापमानापेक्षा थोडंच वर राहिलं पाहिजे, २०-२५ अंश वर जात असेल तर बॉक्सला गळती आहे किंवा तोंड चुकीच्या जागी आहे. फिल्टरभोवती बंद बॉक्स करा, वरून बोनेटला टेकेल असं फोमचं सील द्या आणि हवा बंपर किंवा ग्रिलच्या पुढूनच घ्या. बीएमडब्ल्यूने ई४६ एम३ सीएसएलमध्ये हेच केलं होतं, बंपरमध्ये एक गोल भोक, तिथून हवा थेट कार्बन फायबरच्या मोठ्या एअरबॉक्समध्ये, आणि मॅफ सेन्सर काढूनच टाकला. साध्या एम३ चे ३४३ पीएस तिथे ३६० झाले, अर्थात कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारे) बदलले होते, सगळं श्रेय बॉक्सला देता येणार नाही.

पाइप कार्बनचा का ॲल्युमिनियमचा यावर मात्र डोकं खपवू नका. मीटरभर पाइपमधून हवा ३० मीटर वेगाने जाते म्हणजे ती आत सेकंदाचा तिसावा भाग असते, तेवढ्यात कितीशी तापणार. हवा कुठून घेताय ते महत्त्वाचं.

आता मॅफ सेन्सर, इथे चूक झाली तर नुसती पॉवर जात नाही, इंजिन जाऊ शकतं. हा सेन्सर तापलेल्या तारेवरून किंवा फिल्मवरून हवा किती वेगाने जाते त्यावरून वजन ठरवतो, आणि ईसीयूने (इंजिनचा कॉम्प्युटर) धरलेलं असतं की पाइपचा व्यास कंपनीचाच आहे. तुम्ही ७० मिमीच्या जागी ७६ मिमीचा पाइप लावला की तेवढीच हवा हळू जाते, सेन्सरला जवळपास १५ टक्के कमी हवा दिसते, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो पण फुल थ्रॉटलला बऱ्याच गाड्यांत ते सांभाळणं बंद असतं आणि नेमकं तिथेच नॉकिंग (मिक्स्चरचा अवेळी भडका) होतं. म्हणून ईसीयूचं ट्यूनिंग करायचं नसेल तर सेन्सरच्या जागेचा आतला व्यास कंपनीएवढाच ठेवा, सेन्सरवरच्या बाणाची दिशा आणि सेन्सरची खोली तशीच, त्याच्या आधी जमेल तेवढा सरळ पाइप, आणि कंपनीने पुढे जाळी दिली असेल तर ती काढू नका, ती हवा सरळ करायला असते. तेल लावलेला कॉटन फिल्टर वापरताय तर तेल अगदी बेताने, जास्तीचं तेल उडून सेन्सरच्या फिल्मवर बसतं. मला विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीला मोठा कोरडा फिल्टर बरा.

बनवायला घ्याल तेव्हा आधी पुठ्ठ्याचा बॉक्स करून बोनेट बंद होतंय का बघा. इंजिन आपल्या माउंटवर हलतं, बॉक्स बॉडीला असतो, म्हणून मध्ये एक लवचिक सिलिकॉनचा हंप होज (मधे फुगवटा असलेली नळी) पाहिजेच, नाहीतर कुठेतरी चीर पडणारच. पाइपच्या टोकांना बीड (उठावाची गोल कड) काढून घ्या म्हणजे होज निसटत नाही. वेल्डिंग झालं की आतून घासून, धुऊन, वाळवून मगच लावा, कारण हे सगळं फिल्टरच्या पुढे आहे आणि सुटलेला कण सरळ सिलेंडरमध्ये जातो. थ्रीडी प्रिंटचे पार्ट शक्यतो फिल्टरच्या अलीकडेच वापरा, आणि पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) तर बोनेटखाली नकोच, ते ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं. फिल्टर बंपरमध्ये खूप खाली बसवला तर साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन पाणी ओढेल, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

टर्बो असेल तर अजून एक. टर्बोच्या आधी अडलेली हवा जास्त महागात पडते, ५० सेमी पाण्याएवढा दाब गेला तर १ बार बूस्टसाठी (वातावरणापेक्षा १ बार जास्त दाब) प्रेशर रेशो, म्हणजे टर्बोनंतरचा दाब भागिले आधीचा, २ वरून २.१ वर जातो, टर्बोला जास्त फिरावं लागतं, हवा जास्त तापते. तिथला होज आत तार असलेला किंवा जाड पाहिजे, साधा सिलिकॉनचा ओढीने आत चिकटतो. हवा थोडी जरी जास्त मिळाली तरी किती फरक पडतो याचा पुरावाच पाहिजे असेल तर १९९५ ची वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप आठवा, ३४ मिमीच्या रिस्ट्रिक्टरला (टर्बोला मिळणारी हवा मर्यादित ठेवायला नियमाने लावलेलं अरुंद तोंड) बगल देणारी रचना टोयोटाच्या सेलिकामध्ये सापडली आणि टीमवर १२ महिन्यांची बंदी आली.

मॅनिफोल्डचे रनर (प्रत्येक सिलेंडरकडे जाणाऱ्या नळ्या) आणि प्रत्येक सिलेंडरला वेगळा थ्रॉटल हा मोठा विषय आहे, लांब रनर खालच्या आरपीएमला टॉर्क देतात, आखूड रनर वरच्या, आणि त्याला ट्यूनिंग लागतंच, म्हणून पहिल्या कामात त्याला हात लावू नका.

सगळं बसवल्यावर धूर सोडून गळती तपासा, ज्वालाग्राही स्प्रे गरम इंजिनवर मारू नका. मग फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये किती टक्के दुरुस्ती करतोय तो आकडा) बघा, आधीचे आकडे लिहून ठेवलेले पाहिजेत, लाँग टर्म ट्रिम पूर्वीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर गळती किंवा मॅफचा घोळ आहे, तो मिटेपर्यंत फुल थ्रॉटल देऊ नका. मिटला की वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून मिक्स्चर अचूक मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावून फुल थ्रॉटलचं मिक्स्चर बघा, आणि मगच पाण्याची नळी परत त्याच जागांवर, त्याच गिअरमध्ये, साधारण तशाच हवामानात. ३० सेमीचे १२ झाले आणि इनटेक टेम्परेचर वाढलं नाही तर काम जमलं. काही दिवस चालवल्यावर क्लॅम्प एकदा परत आवळा, सिलिकॉन गरम-थंड होऊन दबतं आणि ते ढिले पडतात, आणि तुमच्याकडे इनटेक बदलायला परवानगी आहे का हे कापाकापी करायच्या आधीच विचारून घ्या, जुना बॉक्स फेकू नका.