स्मार्ट बल्ब घेताय? रंगाच्या आणि खासगीपणाच्या या चुका टाळा

कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, रात्री धुळ्याच्या आमच्या घरी चौरंगावर फोनवरून रंग बदलणारा नवा स्मार्ट बल्ब लावला आणि हौसेनं लाल रंग निवडला. बाईला नेसवलेलं हिरवंगार लुगडं क्षणात काळं दिसू लागलं. काकू कळवळून म्हणाल्या, "अरे, बाईला काळं नेसवतात का?"

बल्बात बिघाड नव्हता. हिरवं कापड मुख्यतः हिरवा प्रकाशच परत फेकतं. लाल उजेडात हिरवा जवळजवळ नसतोच, मग कापड परत फेकणार काय? म्हणून देवी, फुलं, दागिने यांच्यावर पांढराच उजेड ठेवा, २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप), थोडा पिवळसर. रंगीत बल्ब मागच्या भिंतीकडे वळवा. साडी-सोनं नीट पारखायचं असेल तर खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, ९० किंवा त्याहून जास्त आहे का ते बघा.

"१ कोटी ६० लाख रंग" या दाव्यावर विसंबू नका. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्यांचा तो गुणाकार आहे. त्यातले कितीतरी रंग डोळ्याला वेगळे कळतही नाहीत, आणि तपकिरी उजेड तर कुठलाच बल्ब देत नाही. शिवाय ९ वॉटचा बल्ब पांढऱ्यावर ८०० लुमेनच्या (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) आसपास असला, तरी गडद निळ्यावर खूपच मंद होतो, कारण तेव्हा फक्त निळे एलईडी पेटतात. आणखी एक, पांढऱ्या उजेडासाठी वेगळे एलईडी नसलेला स्वस्त बल्ब घेऊ नका. त्याचा पांढरा निळसर किंवा गुलाबी दिसतो.

बल्ब जोडलाच जात नसेल तर फोन राउटरच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर आणा. बहुतेक बल्बांना ५ गिगाहर्ट्‌झचं चालत नाही. रात्री लाईट जाऊन आली की बल्ब भक्कन पेटून झोपमोड करतो. वीज परत आल्यावर बल्बानं काय करावं, ही सेटिंग बऱ्याच ॲपमध्ये असते. ती बदला.

खासगीपणाची चूक मात्र दिसत नाही, म्हणून जास्त काळजीची. दिवा कधी लागला, कधी विझला, याची नोंद बऱ्याचदा कंपनीच्या सर्व्हरवर जाते. सुरतेत किंवा पुण्यात राहणारं कुटुंब कानबाईला गावी आलं की तिकडचा दिवा चार दिवस लागत नाही, आणि घर बंद आहे हे त्या नोंदीतून कळतं. ॲपनं कॉन्टॅक्ट मागितले तर सरळ नकार द्या. लोकेशन जोडणीपुरतं लागू शकतं. जोडणी झाली की परवानगी काढून घ्या. राउटरवर गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) असेल तर बल्ब त्यावरच ठेवा, म्हणजे घरातल्या फोन-लॅपटॉपपासून तो वेगळा राहील.

जुना बल्ब तसाच भंगारात देऊ नका. २०१९ मध्ये एका संशोधकानं असा बल्ब उघडून त्यातून वाय-फायचा पासवर्ड वाचून दाखवला होता. आधी बल्ब रीसेट करा, बऱ्याच बल्बांत भिंतीवरचं बटण सलग काही वेळा बंद-चालू केलं की तो लुकलुकतो. मग ॲपमधूनही काढा. बल्ब पेटतच नसेल, तर घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदला.