गुंठाभर निशिगंध आणि कापायची वेळ

सासवडकडच्या आमच्या रानात अंजीर आणि सीताफळ आहे, त्याचा हिशोब ह्यांच्याकडे. विहिरीच्या कडेचा गुंठाभर तुकडा तेवढा माझा. तिथं मी निशिगंध लावते. पुण्याच्या मार्केट यार्डात ह्यालाच गुलछडी म्हणतात. सुटी फुलं किलोवर हारवाल्यांकडे जातात, दांडे गड्ड्या बांधून. मी दांड्यांसाठीच लावते. सुट्या फुलांसाठी पहाटे उठून कळ्या खुडायला घरात चार हात लागतात, माझे दोनच.

हारासाठी सिंगल बरा. पाकळ्यांची एकच ओळ, वास दांडगा. फुलदाणीत ठेवायचा तर डबल घ्यायचा. सुवासिनी आणि वैभव या बंगळुरूच्या संशोधन संस्थेत तयार झालेल्या डबल जाती. माझ्याकडे सुवासिनी आहे. दांडा गच्च भरतो, पण वास सिंगलपेक्षा मवाळ, हे आधीच सांगते, नाहीतर मागाहून मला बोल लावाल.

कंदाच्या बाबतीत मी पहिल्याच वर्षी तोंडघशी पडले. नणंदेनं पोतंभर कंद फुकट दिले, लसणाच्या पाकळीएवढे. फुकटचे म्हणून मी सगळे लावले. वर्षभर नुसती पात वाढली, दांडा एक नाही. सासूबाई म्हणाल्या, "घास लावला असतास तर म्हशीनं तरी खाल्ला असता." कंद अडीच-तीन सेंटीमीटर जाडीचा हवा, दाबला तर टणक लागला पाहिजे. आणि रानातून काढला की लगेच मातीत घालायचा नाही. महिनाभर सावलीत, वाऱ्याला पसरून ठेवायचा. त्याला झोप लागते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. एक कंद एकदाच फुलतो. पुढचे दांडे येतात ते त्याच्या अंगाला फुटलेल्या पिल्लांचे. म्हणून लावताना अंतर सोडायचं. मी फुटाला एक कंद लावते. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, त्यात चालायच्या वाटा गेल्या की हजाराच्या आतच कंद बसतात.

लावण एप्रिल-मेमध्ये. कुजलेलं शेणखत सढळ हातानं मिसळायचं, गादीवाफे करायचे, कंदाचं टोक वर ठेवून दोन-अडीच इंच खोल पुरायचं. चोपण, पाणी धरून ठेवणारी जमीन असेल तर हा नाद करू नका, कंद कुजतात. कोंब वर येईपर्यंत पाणी बेतानं. पुढं वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर राहील पण चिखल होणार नाही इतपत. ठिबक असेल तर बरंच. खुरपणीला मात्र सुटका नाही. पावसाळ्यात पंधरा दिवस दुर्लक्ष झालं की पात कुठली आणि गवत कुठलं ते वाकून बघावं लागतं.

साधारण तीन-साडेतीन महिन्यांत दांडे दिसायला लागतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलं तर गणपती-गौरीला सापडतं. लगेच मागून पितृपक्ष येतो आणि बाजार बसतो. त्या पंधरवड्यात मी दांडे ओळखीपाळखीत वाटून टाकते.

आता कापणं. इथंच माणसं घाई करतात. सगळा दांडा फुलेपर्यंत थांबलात तर घरी पोचेपर्यंत खालची फुलं तपकिरी. नुसत्या हिरव्या कळ्यांचा कापलात तर त्यातल्या अर्ध्या उमलतच नाहीत, तशाच पिवळ्या पडतात. खालची एक-दोन फुलं उमललीत आणि वरच्या कळ्या टपोऱ्या, पांढऱ्या झाल्यात, असा दांडा धरायचा. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आधी. नाहीतर दिवस मावळताना.

बादली पाणी भरून बरोबर न्यायची. बादली घरी आणि तुम्ही रानात, असं नको. दांडा हातात घेऊन गप्पा मारत उभं राहिलं की तो तेवढ्यात मलूल होतो. धारदार विळा किंवा कात्री घ्यायची, जमिनीपासून चार बोटं वर कापायचं आणि लगेच पाण्यात उभा करायचा. पुण्याहून भाच्याचे मित्र आले होते, हौसेनं. एकानं मुळ्यासारखा दांडा उपटला, कंद आणि चार पिल्लं हातात. मी काही बोलले नाही, त्याला परत खड्डा करायला लावला.

सावलीत दोन तास पाणी पिऊ द्यायचं, मग दहा-दहाच्या गड्ड्या. मी कळ्यांच्या बाजूला वर्तमानपत्र गुंडाळते. शेजारच्या वाफ्यात थोडा ग्लॅडिओलस आहे, तो तर उभाच न्यावा लागतो. आडवा ठेवला की शेंडा वर वळतो आणि मग तो कुणी घेत नाही.

घरी नेल्यावर पाण्यात बुडणारी पानं काढा. लिटरभर पाण्याला चार चमचे साखर घातली तर वरच्या कळ्या उमलायला मदत होते. पण मग पाणी रोज बदलायचं, नाहीतर बुळबुळीत होऊन वास मारतं. पाणी बदलताना दांड्याचं बोटभर टोक तिरकं कापा. सुकलेली फुलं खालून काढत राहा.

तिसऱ्या वर्षी दांडे आखूड व्हायला लागतात, कारण खाली पिल्लांची दाटी झालेली असते. पात पिवळी पडली की पाणी तोडा, कुदळीनं गड्डे उकरा, जाड कंद वेगळे करा. बारके मी एका कोपऱ्यात वर्षभर पोसायला लावते. नणंदेनं मागितले तर तिला जाडच देते.