काळ्या मातीवर वाहनतळाची फरसबंदी कशी करावी

मराठवाडा, विदर्भ किंवा सोलापूरच्या पट्ट्यात व्यापारी संकुलाची इमारत सहसा टिकते, कारण तिचा पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला असतो. फुगतो, भेगाळतो आणि खचतो तो तिच्यासमोरचा वाहनतळ. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असल्याने ती पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून थरांची जाडी ठरवण्याआधी, फरसबंदीखालच्या मातीतला ओलावा वर्षभर स्थिर कसा राहील, याचा विचार करावा लागतो.

इमारतीसाठी झालेल्या मातीपरीक्षणावर विसंबू नये. त्यात भर असतो तो खडकाच्या खोलीवर आणि धारणक्षमतेवर. वाहनतळाच्या कोपऱ्यांत, मध्यभागी आणि प्रवेशद्वाराशी वेगळे खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजावे. फुगवट्याची चाचणी अगदी साधी आहे: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत सुकवलेली १० ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकून ती २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे तिचे आकारमान १० मिलिलिटर आणि पाण्यात १९ भरले, तर मुक्त फुगवटा निर्देशांक ९० टक्के झाला. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार ५० टक्क्यांपेक्षा जास्त निर्देशांकाची माती भरावाला चालत नाही. सीबीआर, म्हणजे मातीची भार सोसण्याची ताकद दाखवणारी टक्केवारी, मात्र नमुना चार दिवस पाण्यात भिजवूनच काढावा, कारण कोरड्या स्थितीत दगडासारखी वाटणारी ही माती भिजल्यावर अनेकदा २ ते ३ टक्क्यांवर येते.

भाराचा हिशेब मोटारींच्या संख्येवर करणे फसवे ठरते. फरसबंदीचे नुकसान अ‍ॅक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढत असल्याने १० टनांचा एक अ‍ॅक्सल १ टनाच्या अ‍ॅक्सलपेक्षा सुमारे १०,००० पट हानी करतो. त्यामुळे माल उतरवणारे ट्रक, कचरागाडी आणि पाण्याचे टँकर ज्या पट्ट्यातून जातात तो नकाशावर आधी आखावा आणि त्याची रचना वेगळी, जाड करावी. उंच इमारत असेल तर अग्निशमन गाडीचा मार्गही याच हिशेबात धरावा. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ त्यासाठी ४५ टनांपर्यंतचा भार धरते.

काळी माती मीटरभराच्या आत संपत असेल, तर ती पूर्ण काढून चांगल्या मुरमाचा भराव सुमारे २०० मिलिमीटरच्या थरांत, पाणी मारून आणि रोलरने दाबून करणे हाच खात्रीचा उपाय आहे. माती खोल असेल तर वरच्या ३०० मिलिमीटर थरात वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना मिसळून तो मुरवावा, दाबावा आणि आठवडाभर ओला ठेवावा. नेमके प्रमाण प्रयोगशाळेत ठरवावे. त्यावर न फुगणाऱ्या, पण चिकट अशा मुरमाचा थर द्यावा. थेट काळ्या मातीवर दगडी सोलिंग पसरण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे आणि ती टाळावी, कारण पावसात दगड खाली रुततात आणि चिखल फटींतून वर येतो.

त्यावर १५० ते २०० मिलिमीटर जीएसबी (पाणी निचरू देणारा खडी-मुरमाचा खालचा थर) आणि सुमारे तेवढाच वेट मिक्स मॅकॅडम (पाणी मिसळून दाबलेल्या खडीचा थर) हा मोटारींच्या भागासाठी सुरुवातीचा अंदाज धरावा, अंतिम जाडी सीबीआरवरून काढावी. पृष्ठभागासाठी माझी पसंती ८० मिलिमीटरच्या, एम-४० प्रतीच्या काँक्रीटच्या इंटरलॉकिंग पेव्हर ब्लॉकला आहे. जमीन थोडी हललीच, तर ब्लॉक उचलून खालची वाळू सारखी करता येते. डांबर उभ्या गाड्यांतून गळणाऱ्या तेलाने मऊ पडते. काँक्रीट ट्रकच्या पट्ट्यापुरते योग्य आहे.

सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते पाण्याकडे. मातीत खोदलेल्या चौकोनात मोकळ्या खडीचा थर भरला आणि त्याला निचऱ्याची वाट दिली नाही, तर पाण्याची टाकीच तयार होते. पृष्ठभागाला दीड ते दोन टक्के उतार द्यावा, तोच उतार खालच्या दाबलेल्या मातीलाही द्यावा, आणि जीएसबीचे टोक कडेच्या गटारात उघडावे. छतावरच्या पावसाचे पाइप फरसबंदीवर मोकळे सोडू नयेत, झाडांच्या वाफ्यांना खालून अस्तर लावावे, आणि पावसाच्या पाण्याचा शोषखड्डा वाहनतळापासून दूर ठेवून त्याचे पाणी खडकातील बोअरमध्ये न्यावे. कडांना ओलावा सर्वाधिक बदलतो, म्हणून कर्बच्या (कडेच्या दगडांच्या) बाहेर मीटरभर अभेद्य पट्टा राखावा.

मे महिन्यात भेगाळलेल्या कोरड्या मातीवर घाईने फरसबंदी केली, तर पहिल्याच पावसात ती वर उचलली जाण्याची शक्यता मोठी असते. मातीकाम पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, माती इष्टतम ओलाव्याच्या, म्हणजे दाबल्यावर ती सर्वात घट्ट बसते त्या ओलाव्याच्या, जवळपास असताना करावे आणि पुढच्या पावसाळ्यानंतर खचलेले ब्लॉक उचलून पुन्हा लावण्याची तरतूद कंत्राटातच लिहून घ्यावी.